चार बोटं उंच

रिगमोरच्या बैठकीच्या खोलीत खिडकीशी दोन खुर्च्या होत्या, एक उंच पाठीची, एक बुटक्या पाठीची, आणि मध्ये दिव्याचं छोटं टेबल. उंच ती आयनारची, बुटकी ती तिची. आल्यागेल्यासाठी भिंतीकडेला सोफा होता. कुणाला काही सांगावं लागत नसे. फॉबोर्ग गावात कुठल्याही घरात घरधन्याच्या खुर्चीत पाहुणा बसत नाही. धनी बाहेर गेला असला तरी नाही, वारला असला तरी बरेच दिवस नाही. लहान पोरं तेवढी चढून बसतात आणि पायरीवर बूट वाजले की उतरतात.

दोन्ही खुर्च्या त्या दोघांनीच केलेल्या. गावात तेव्हा खुर्च्यांचा मोठा कारखाना होता. सुट्टीचा भोंगा झाल्यावर कामगाराला स्वतःपुरतं काही करायचं असलं तर मालक दिवे चालू ठेवू द्यायचा, उरलेलं लाकूड आणि चामड्याच्या कडा वापरू द्यायचा. लग्न ठरलेल्या पोरांचे पलंग, पुढे त्यांच्या मुलांचे पाळणे, सगळं त्या दिव्यांखाली व्हायचं. आयनारनं आधी खुर्च्या केल्या. रिगमोरच्या आईला हे मुळीच पसंत पडलं नव्हतं.

"लोक आधी पलंग करतात," ती म्हणाली होती. "नुसतं बसून संसार होतो का?"

"आमचा होईल," रिगमोर म्हणाली आणि मानेपर्यंत लाल झाली.

तिच्या माहेरी पाठ असलेली खुर्चीच नव्हती. वडील मासेमारी करायचे. जेवायचे बाकावर, जाळं शिवायचे बाकावर, आणि रविवारी दुपारी त्याच बाकावर तोंडावर टोपी ठेवून झोपायचे. ते वारले तेव्हा रिगमोर सोळा वर्षांची होती. आईनं तिला कारखान्यात चामड्याच्या खोलीत लावलं. तिथं थोराबाईंचं राज्य होतं. बाई उंचीनं एवढ्याशा, पण त्यांच्या नाकावरचा चष्मा खाली घसरला की बारा बायकांच्या सुया थांबायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी रिगमोरच्या हातात चामड्याचा तुकडा दिला आणि टोचा दिला. रिगमोरनं एक भोक पाडलं, ते वाकडं पडलं, म्हणून शेजारी दुसरं पाडलं.

"आता पहिलं बुजव," थोराबाई म्हणाल्या.

रिगमोर त्यांच्याकडे बघत राहिली.

"नाही ना बुजत? कापड उसवलं की विसरतं. चामडं विसरत नाही. म्हणून टोचायच्या आधी एकदा बघायचं, मग आणखी एकदा बघायचं, आणि मग माझ्याकडे बघायचं."

आयनार लाकडाच्या बाजूला होता. गादीचं माप घ्यायच्या निमित्तानं सांगाडे घेऊन चामड्याच्या खोलीत यायचा. एका सांगाड्याचं माप घ्यायला तो तीनदा आला, तेव्हा थोराबाई म्हणाल्या, "मुला, ती खुर्ची वाढतेय का रे रोज?" सगळ्या बायका हसल्या. रिगमोर हसली नाही. त्यावरूनच बायकांना कळायचं ते कळलं.

स्वतःच्या खुर्च्या करताना आयनारनं तिला फळ्यांच्या चळतीवर बसवलं होतं. मग एकेक पातळ फळी काढत गेला, तिची पावलं जमिनीला सपाट टेकेपर्यंत. हात टेकायच्या दांड्या तिच्या खुर्चीला आखूड ठेवल्या, विणताना कोपर अडू नये म्हणून. स्वतःची मात्र फार खाली घेतली. दांड्या रुंद, पाठ मागं कललेली, आणि बैठक इतकी खाली की गुडघे वर यावेत.

"यातून उठणार कसा तू?"

"दिवसभर उभा असतो मी. बसेन तेव्हा बसेन. उठायचं कशाला? कॉफी द्यायला तू असशील ना."

"आणि मी मेले तर?"

"मग तर उठायचं कशालाच," आयनार म्हणाला आणि रंधा उचलून परत कामाला लागला.

लाकूड ओकचं. त्याला त्यांनी पॉलिश कधी लावलं नाही. इकडे साबणानं धुतात. वसंतात, दारं उघडी टाकण्याइतकी ऊब आली की गरम पाण्यात साबणाचा चुरा विरघळवायचा, त्या पाण्यानं लाकूड रेषेच्या दिशेनं पुसायचं आणि सावलीत वाळवायचं. वर्षं जातात तसं लाकूड फिकट होत जातं आणि हाताला अंड्याच्या टरफलासारखं लागतं. बहुतेक घरांत हे बायका करतात. या घरात दोघं करायची. तो खाली पायरीवर बसायचा, ती उभी. लिसबेट झाली त्या वसंतात रिगमोरनं पोरीला टोपलीत घालून शेजारी ठेवलं होतं आणि साबणाच्या वासानं पोर शिंकत होती.

मग वर्षं गेली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा शेजाऱ्यांनी दारावर हिरव्या डहाळ्यांची कमान बांधली आणि पहाटे खिडकीखाली गाऊन दोघांना झोपेतून उठवलं. लिसबेट ओडेन्सला शिक्षिका झाली. थोराबाई गेल्या. कारखाना बंद पडला, यंत्रं कुठं कुठं गेली, आणि ज्या खुर्च्या आधी शेतकऱ्यांच्या घरात असायच्या त्या शहरातल्या काचेच्या दुकानांत दिव्याखाली बसल्या. एकदा कोपनहेगनहून एक तरुण व्यापारी आला. विचारपूस बाजूलाच, गुडघ्यावर बसून आयनारच्या खुर्चीखाली डोकं घालून बघायला लागला.

"डॉक्टर आहात का?" आयनारनं विचारलं.

व्यापाऱ्यानं दोन्ही खुर्च्या मागितल्या.

"ही देता येईल," आयनार बुटक्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाला, "पण हिच्यात बायको आहे. ती निघत नाही."

रिगमोर विणत होती. तिनं मान वर केली नाही, पण ओठ आत ओढून धरले.

आयनारला रोज संध्याकाळी त्या खुर्चीत बसून उजव्या दांडीच्या खालच्या अंगाला अंगठा घासायची सवय होती. रेडिओ ऐकताना, बोलताना, गप्प असताना, अंगठा चालूच. इतक्या वर्षांत तिथं बोराएवढा खळगा पडला होता. वरून दिसायचा नाही. रिगमोर साबण लावताना तिथं बोट घालून पुसायची, आणि दर वर्षी म्हणायची, "खुर्ची खातोस तू."

आजार आला तो असा एका दिवसात आला नाही. आधी पावाच्या डब्यात रंधा सापडला. मग आयनार शेजाऱ्याच्या फाटकाची किल्ली मागत त्याच्या दारात उभा राहिला. मग लिसबेटचं नाव गेलं. नाव गेलं तरी तो तिच्या गालाला हात लावायचा आणि "आली का माझी पोर" म्हणायचा, म्हणून लिसबेटनं गाडीत बसून रडायचं शिकून घेतलं. रिगमोरला तो ओळखायचा. रोज, न चुकता. सकाळी विसरला तरी संध्याकाळी खुर्चीत बसला, अंगठा खळग्यात गेला, की समोर बघून म्हणायचा, "रिगमोर, कॉफी टाक ना गं." तिला तेवढं पुरत होतं. माणूस किती थोडक्यात भागवू शकतो ते तिला त्या दिवसांत कळलं.

अडचण निराळीच निघाली. त्याला खुर्चीतून उठता येईना.

रिगमोर त्याच्या काखेत हात घालायची, पाय रोवायची आणि ओढायची. तो हसायचा. तिच्या पाठीतून कळ निघायची. नगरपालिकेकडून डोर्टे यायची, सकाळी आंघोळ घालायला आणि संध्याकाळी झोपवायला. पन्नाशीची, दणकट, मोठ्यानं बोलणारी बाई. ती आयनारला तू म्हणायची, रिगमोरलाही तू म्हणायची. आता या देशात राजघराणं सोडलं तर सगळेच सगळ्यांना तू म्हणतात. रिगमोरच्या पिढीनं मात्र परक्याला कायम तुम्हीच म्हटलेलं.

"रिगमोर, मी तुला फसवणार नाही," डोर्टे एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली. "त्याला विसरू दे हवं ते. विसरणाऱ्या माणसाला घरात ठेवता येतं. पण उठवायला दोन माणसं लागायला लागली की नाही ठेवता येत. मग वरच्या टेकडीवरचा वृद्धाश्रम."

"अजून तो उठतो."

"तू उठवतेस. बघितलंय मी."

दुसऱ्या दिवशी डोर्टेनं चार लाकडी ठोकळे आणले, खुर्चीच्या पायांखाली ठेवायचे. खुर्ची उंच झाली. आयनार आला, खुर्चीभोवती एक फेरी मारली, वाकला, आणि एकेक पाय उचलून चारही ठोकळे काढून दिव्याच्या टेबलावर ओळीनं मांडले.

"जळण इथं कुणी आणून ठेवलं?"

डोर्टे हसली. रिगमोरही हसली. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसणं थांबलं.

त्या आठवड्यात रिगमोरला युक्ती सुचली. ठोकळे त्याला दिसतात. गादीच्या आतलं कसं दिसणार? गादी उंच केली की झालं. आणि गादी करणं तिला येत होतं, जन्मभर तेच तर केलं होतं. फक्त कडेची चामड्याची पट्टी रुंद घालायला हवी होती, आणि तसं चामडं आता कुठून आणायचं? नवं पिवळट दिसलं असतं. दोन्ही खुर्च्यांचं चामडं एकाच जनावराचं, एकाच खिडकीच्या उजेडात चहाच्या रंगाचं झालेलं.

तिनं आपल्या खुर्चीची गादी मांडीवर घेतली. एकदा पाहिली. आणखी एकदा पाहिली. तिसऱ्यांदा बघायला थोराबाई नव्हत्या.

सुरी लावली तेव्हा चामडं कुरकुरलं. तिनं लांब पट्ट्या कापल्या, आयनारच्या गादीची शिवण उसवली, मेण लावलेल्या दोऱ्यानं नवी रुंद कड जोडली, आत आपल्याच गादीतली पिसं भरली. बोटं सुजली. जेवण करायला जड जाऊ लागलं, तेव्हा नुसत्या काळ्या पावावर कलेजीची पेस्ट लावून दोघांनी भागवलं. आयनार दुपारी सोफ्यावर झोपायचा तेवढ्यात ती शिवायची. तिच्या खुर्चीत आता गादीच्या जागी घडी घातलेलं घोंगडं होतं.

गादी तयार झाली. आधीपेक्षा चार बोटं उंच. डोर्टेनं हात फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "हे तू केलंस? याच हातांनी?" रिगमोरला थोडा अभिमान वाटला, खोटं कशाला बोला.

आयनार बसला. थोड्या वेळानं दांड्यांवर हात टेकले आणि उठला. आपला आपण. डोर्टेनं टाळी वाजवली.

"बघ," ती रिगमोरला म्हणाली, "आता राहतो हा तुझ्याजवळ."

त्या संध्याकाळी रिगमोरनं मेणबत्ती लावली, कॉफी ओतली, समोर बसली. आयनार खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसला होता, पाठ न टेकता. उजवा अंगठा दांडीखाली काहीतरी शोधत होता. खांदा वर आला होता, हात वरून लोंबत होता, आणि बोट खळग्याच्या अलीकडेच कुठंतरी फिरत होतं. मग तो उठला, छान उठला, आणि जाऊन सोफ्यावर बसला. टोपी मागितली आणि गुडघ्यावर धरली.

"कॉफी घे ना," रिगमोर म्हणाली.

"घेतो. आभारी आहे बाई. तुम्ही उगीच त्रास घेतलात."

तिला वाटलं थट्टा करतोय. त्याची थट्टा अशीच असायची, तोंड सरळ ठेवून.

"घरधनी कधी येतात?" त्यानं विचारलं.

"कोण घरधनी?"

त्यानं उंच खुर्चीकडे मानेनं दाखवलं. "खुर्ची चांगलीय. काम स्वच्छ आहे. पण उंच बसवलीय. मालक चांगले उंच असणार." आणि आवाज खाली आणून, "मी चुकून बसलो त्यांच्या जागी. त्यांना सांगू नका."

रिगमोरनं कॉफीचा कप खाली ठेवला. बशीत सांडली.

त्या दिवसापासून आयनार त्या घरात पाहुणा झाला. गुणी पाहुणा. बूट काढून कडेला नीट ठेवायचा. जेवताना दुसरा बटाटा घ्यायचा नाही. रिगमोर वाढायला गेली की ताटावर हात धरायचा, "पुरे बाई, पोट भरलं." पोट भरलेलं नसायचं, ते तिला त्याच्या डोळ्यांवरून दिसायचं. रस्सा पावानं पुसून खायची त्याची जन्माची सवय, तीही त्यानं सोडली, परक्या घरी कसं पुसणार? पलंगावर यायला तयार होईना. कोट घडी करून उशाला घ्यायचा आणि सोफ्यावर आडवा व्हायचा. आणि रोज दिवस मावळायला लागला की उठून उभा राहायचा.

"निघतो आता. बायको वाट बघत असेल."

"काय नाव तिचं?" एकदा रिगमोरनं विचारलंच.

"रिगमोर." त्याचा चेहरा उजळला. "चामड्याच्या खोलीत आहे. जीभ तिखट आहे, पण बाई चांगली."

ती त्याला कोट घालून बाहेर काढायची. बंदराच्या धक्क्यापर्यंत जायची, घंटेच्या मनोऱ्याला वळसा घालायची आणि परत आपल्याच दारात आणायची. "आलं बघ घर." रस्त्यात तो तिचा हात धरायचा. दारातही धरलेला असायचा. मग आत यायचा, खिडकीशी ती उंच खुर्ची बघायचा, आणि हात सोडून टोपी काढायचा.

डोर्टे खूश होती. "किती दिवसांत इतका चांगला उठताना पाहिला नव्हता मी याला." लिसबेट रविवारी फोनवर म्हणाली, "आई, निदान घरात तरी आहेत ना बाबा. तेवढं समाधान मान."

"ते घरी नाहीयेत, लिसबेट. ते कुणाकडे तरी आलेत."

"आई, त्या आजारात असंच होतं. तुझी काही चूक नाही."

शिक्षिका झालेल्या मुलीला गादीचं कसं सांगायचं? शिवाय मनात एक कोपरा असा होताच, की लिसबेट म्हणते तेच खरं असेल, हे असंही झालंच असतं. त्या कोपऱ्यात तिनं हिवाळा काढला. कारण दुसरं खरं मानायचं तर त्यापुढं जे करायचं ते तिला ठाऊक होतं. गादी पहिल्यासारखी केली तर तो उठणार नाही. उठला नाही तर टेकडीवर जाईल.

मग दारं उघडी टाकण्याइतकी ऊब आली.

रिगमोरनं गाद्या काढून ठेवल्या आणि दोन्ही सांगाडे मागच्या अंगणात आणले. पाणी तापवलं, साबणाचा चुरा घातला. आयनार दारात टोपी हातात घेऊन उभा होता.

"मदत करू का बाई? नुसतं बसवत नाही."

"करा ना," ती म्हणाली. गेले काही आठवडे तीही त्याला तुम्ही म्हणायला लागली होती. तू म्हटलं की तो दचकायचा.

तो पायरीवर बसला. फडकं बुडवलं, पिळलं, आणि रेषेच्या दिशेनं पुसायला लागला. हाताला काही सांगावं लागत नव्हतं. पाठ झाली, पाय झाले, डावी दांडी झाली. उजव्या दांडीच्या खालून फडकं फिरवताना हात थांबला. फडकं पडलं. अंगठा खळग्यात गेला, त्यात बसला, आणि हळूहळू मागंपुढं व्हायला लागला.

रिगमोर उभी होती तिथंच उभी राहिली.

"इथं कुणीतरी खूप दिवस बसलंय," आयनार म्हणाला.

"हो."

"कुठं गेला तो?"

साबणाचं पाणी रिगमोरच्या पायावर सांडलं होतं, ते तिला कळलं नाही. सांगाडे वाळले, आत आणले, आणि त्याच दुपारी तिनं उसवायची सुरी काढली.

रुंद कड निघायला वेळ लागला नाही. जुनी कड तिनं टाकली नव्हती, कपाटात गुंडाळून ठेवली होती. पण आता तिची नजर दोऱ्यावर ठरत नव्हती. हिवाळ्यात शिवताना जेवढं दिसत होतं तेवढंही दिसेना. तिनं डोळे मिटले आणि बोटानं चाचपलं. जुनी भोकं तशीच होती. एकही बुजलं नव्हतं. तरुणपणी थोराबाईंच्या नजरेखाली पाडलेली, एकसारखी, सरळ. सुई एकातून दुसऱ्यात आपली आपण जात राहिली. तिच्या स्वतःच्या गादीच्या कापलेल्या पट्ट्या मांडीवरून जमिनीवर पडल्या. त्यांचं आता काहीच होणार नव्हतं.

गादी बसवली त्या दिवशी दुपारी ऊन खिडकीतून दिव्याच्या टेबलापर्यंत आलं होतं. आयनार सोफ्यावर होता.

"या, इकडं बसा," रिगमोर म्हणाली.

"नको बाई. मालकांची जागा."

"मालकांनीच सांगितलंय."

तो संकोचत आला. बसला. बैठक खाली गेली, आणखी खाली गेली, गुडघे वर आले, आणि पाठ मागं जाऊन टेकली. अंगातून मोठा श्वास बाहेर पडला, दिवसभर उभ्या असलेल्या माणसाचा. डोळे मिटले. अंगठा दांडीखाली गेला.

रिगमोर आपल्या खुर्चीत घोंगड्यावर बसून होती. बैठकीच्या लाकडी पट्ट्या खालून टोचत होत्या.

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि समोर पाहिलं.

"रिगमोर, कॉफी टाक ना गं."

तिनं टाकली. दालचिनीचे पाव गरम केले. त्यानं दोन खाल्ले, मग तिच्या बशीतला अर्धा उचलून खाल्ला, बोटाला लागलेली साखर चाटली.

"लिसबेट झोपली?"

"झोपली."

"आज लवकर झोपली."

"दमली होती."

"तू पण दमलीस," तो म्हणाला. "तोंड बघ जरा आपलं. आईसारखी दिसायला लागलीस."

"तुझ्यामुळेच," रिगमोर म्हणाली, आणि खूप दिवसांनी तू म्हटल्यामुळं शब्द जिभेला जड लागला.

ऊन टेबलावरून सरकलं, जमिनीवरून सरकलं. मग त्याला उठायचं होतं. दांड्यांवर हात टेकून त्यानं जोर केला, पुन्हा केला. तिनं काखेत हात घातले, पाय रोवले, ओढलं. दोघं थोडी वर आली आणि दोघं खाली बसली. तो हसला. "राहू दे गं. उठायचं कशाला?" मग हसता हसता थांबला. चेहऱ्यावर लाज आली. गादी ओली झाली होती.

"असू दे," ती म्हणाली. "असू दे. चामडं आहे, पुसता येतं."

तिनं टॉवेल आणला, जमेल तेवढं कोरडं केलं, त्याच्या मांडीवर घोंगडं घातलं. आपल्या खुर्चीतलंच. मग खाली जमिनीवर त्याच्या पायाशी बसली आणि डोर्टेची वाट बघत राहिली. त्याचा डावा हात तिच्या डोक्यावर होता, उजवा दांडीवर.

डोर्टे संध्याकाळी आली. तिनं खुर्ची बघितली, गादी बघितली, आणि कडेच्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"तू उसवलंस?"

"हो."

"माहीत होतं ना तुला?"

"हो."

डोर्टेनं कोट काढून ठेवला. तिच्या एकटीच्यानं त्याला उठवेना. शेजारच्या घरातून माणूस बोलवावा लागला. दोन माणसं लागली.

"मी लावू का फोन," तिनं नंतर स्वयंपाकघरात विचारलं, "का तू बोलतेस लिसबेटशी आधी?"

"तू लाव," रिगमोर म्हणाली. "टेकडीवर लाव. पण खुर्ची त्याच्याबरोबर जाणार. आणि तिच्याखाली कुणी काही घालायचं नाही."

टेकडीवरच्या घरात आपलं सामान नेता येतं. आयनारच्या खोलीत पलंग, कपाट आणि खिडकीशी ती खुर्ची, एवढंच मावलं. दुसरी खुर्ची मावत नव्हती, आणि तिच्यात नेण्यासारखं काही राहिलंही नव्हतं. तिथं छताला एक यंत्र आहे. त्याला झोळी लटकवतात, माणसाला त्यात घालतात आणि कळ दाबून वर घेतात, वखारीत ओंडके उचलायचे तसं. पहिल्यांदा रिगमोरनं ते बघितलं तेव्हा ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. नंतर सवय झाली. त्याला तर त्याचं काहीच वाटत नव्हतं. एकदा झोळीत लोंबकळत असताना तो यंत्र चालवणाऱ्या पोरीला म्हणाला, "सांभाळून गं, ओक आहे."

ती रोज दुपारी टेकडी चढते. डब्यातून दालचिनीचा पाव नेते. भेटायला येणाऱ्यांसाठी तिथं प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात, त्यातली एक ओढून समोर बसते, कोट अंगात तसाच, पर्स मांडीवर. आयनार आता बोलत नाही फारसा. बरेच दिवस असे जातात की तो नुसता बाहेरची झाडं बघतो आणि अंगठा चालू असतो.

परवा त्यानं झाडांवरची नजर काढून तिच्याकडे वळवली. बराच वेळ पाहिलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे पाहिलं.

"अशी परक्यासारखी काय बसलीस गं?" तो म्हणाला. "तुझी खुर्ची कुठंय?"

रिगमोरनं पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला.

"साबण लावलाय," ती म्हणाली. "अंगणात वाळतेय."

आयनारनं मान हलवली. त्याला ते पटलं.

"उन्हात ठेवू नकोस," तो म्हणाला आणि परत झाडांकडे बघायला लागला.